जुन्या संगणकाला निवृत्त करण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांच्या घरचा संगणक सुरू होताच एक सूचना दाखवतो आणि घरात चर्चा सुरू होते. दुकानदार म्हणतो, "नवीन घ्या, याचं आयुष्य संपलं." कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "अब्बा, काही होत नाही, दुर्लक्ष करा." व्हॉट्सॲपवर कोणीतरी लिहितो की आता हे संगणक आपोआप बंद पडणार आहेत. या तिन्ही गोष्टी बरोबर नाहीत. काय खरे आणि घराने काय करावे, हे या महिन्यात आम्ही सविस्तर लिहीत आहोत.

संगणक बंद पडत नाही, ही पहिली गोष्ट. विंडोज १० २९ जुलै २०१५ रोजी आली. ती आजही सुरू होते आणि उद्याही होईल. थांबले आहे ते सुरक्षेचे दुरुस्तीकाम. कोणत्याही प्रणालीत नव्या फटी सापडत राहतात. कंपनी त्या दर महिन्याला बुजवत असे. आता फट सापडली तर ती उघडीच राहते. घराच्या दाराचे कुलूप नादुरुस्त झाले म्हणजे त्याच रात्री चोरी होते असे नाही, पण कुलूप दुरुस्त करायला माणूस येणार नाही हे ठाऊक असताना घरात दागिने ठेवणे शहाणपणाचे नाही. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, आधार आणि पासपोर्टच्या प्रती ठेवलेल्या असतात, त्या संगणकाची काळजी घ्यायलाच हवी.

दुसरी गोष्ट पैशाची. चालू स्थितीतली वस्तू केवळ कोणी म्हणाले म्हणून टाकून देणे हा इसराफ आहे, आणि इसराफ आपल्या दीनने नापसंत केला आहे. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी तपासणी करा. ती घरीच होते आणि तिला पैसे लागत नाहीत.

आधी उंट बांधा

उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. संगणकाच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे आपल्या फायलींची दुसरी प्रत काढणे. प्रणाली बदलण्याच्या कामात विंडोज पुन्हा टाकता येते, प्रोग्राम पुन्हा मिळतात. पण मरहूम दादाजानचे फोटो, निकाहाचे चित्रीकरण, जमिनीच्या कागदांचे स्कॅन आणि दुकानाचा हिशेब पुन्हा मिळत नाही.

प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढावी. त्याच संगणकाच्या डी किंवा ई ड्राइव्हवर काढलेली प्रत ही खरी प्रत नव्हे. बहुतेक वेळा तीनही ड्राइव्ह एकाच डिस्कचे तुकडे असतात आणि डिस्क गेली की तीनही जातात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार कप्पे प्रथम घ्यावेत. मग टॅली किंवा अन्य हिशेबाच्या प्रोग्रामचा कप्पा शोधून घ्यावा, कारण तो अनेकदा सी ड्राइव्हवर भलत्याच ठिकाणी असतो. प्रत झाली की ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार-पाच फायली उघडून पाहाव्यात. फाइल उघडली की मगच प्रत झाली असे समजावे.

संगणकाची जन्मपत्री

विंडोज ११ ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या अटी अशा: ६४ बिट दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, युईएफआय पद्धतीचा बायोस, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.०. शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत हवा. ढोबळमानाने इंटेल कोअरची आठवी पिढी आणि त्यापुढचे, तसेच एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे बहुतेक प्रोसेसर या यादीत आहेत.

पिढी ओळखणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिच्याखाली अबाउट उघडा. तिथे प्रोसेसरचे नाव असते. आय-५-८४०० असे लिहिले असेल तर आडव्या रेघेनंतरचा ८ हा आकडा आठवी पिढी सांगतो. आय-३-४१३० असेल तर चौथी. पाच आकडी संख्या असेल, जसे १०४००, तर पहिले दोन आकडे पाहावेत, म्हणजे दहावी. "आय-५ आहे म्हणजे चांगलाच असणार" हा समज चुकीचा आहे. आय-५ दुसऱ्या पिढीतही होता आणि बाराव्या पिढीतही आहे.

यानंतर मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्राम चालवा. तो हिरवी किंवा लाल खूण देतो. येथे बरेच लोक फसतात, कारण लाल खुणेचे दोन अर्थ असतात. "प्रोसेसर मान्य नाही" अशी लाल खूण असेल तर तो निकाल अंतिम आहे. "टीपीएम सापडले नाही" किंवा "सिक्युअर बूट हवे" अशी असेल, तर ती सोय संगणकात असूनही बंद ठेवलेली असू शकते. दुकानदार घाईत असेल तर दोन्हींना एकच उत्तर देतो: नवीन घ्या.

आपांचा संगणक

आमच्या नात्यातल्या एक आपा घरी शिकवणी घेतात. त्यांचा जोडणी केलेला संगणक २०१८ सालचा. मुलगी अकरावीत, नीटची तयारी करते. दुकानदाराने नव्या संगणकाचे पस्तीस हजार सांगितले होते आणि तेवढी रक्कम आपांनी मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवली होती. त्यांनी फोनवर विचारले, "भाई, ते पैसे मोडू का? दुकानवाला म्हणतो, दुसरा इलाज नाही."

"आपा, आठ दिवस थांबा," आम्ही म्हणालो. "आधी प्रोसेसरचं नाव वाचून सांगा."

त्यांनी वाचले: आय-५-८४००. म्हणजे आठवी पिढी. निकाल तिथेच अर्धा बदलला. हेल्थ चेकमध्ये दोन लाल खुणा होत्या, एक टीपीएमची आणि दुसरी सिक्युअर बूटची. प्रोसेसरसमोर हिरवी खूण होती. रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्या दिवशी जे केले ते क्रमाने लिहितो, कारण जोडणी केलेल्या अनेक संगणकांची कथा हीच असते.

पहिले काम घड्याळाचे. संगणक दरवेळी जुनी तारीख दाखवत होता. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख विसरली जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे आणि अपडेट्स नीट चालत नाहीत, कारण प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाही. कोणताही "अपडेट फेल" शोधण्याआधी कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष पाहावे. हा सेल किरकोळ किमतीत घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दुसरे काम टीपीएमचे. हे एक सुरक्षेचे यंत्र आहे, जे सांकेतिक किल्ल्या सांभाळते. नव्या इंटेल संगणकांत ते मदरबोर्डच्या अंतर्गत प्रणालीतच असते आणि त्याला बायोसमध्ये पीटीटी म्हणतात. एएमडीमध्ये एफटीपीएम. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ कळ दाबून बायोस उघडले, सुरक्षेच्या पानावर पीटीटी बंद होते ते चालू केले आणि जतन करून बाहेर आलो. विंडोजमध्ये टीपीएम डॉट एमएससी ही आज्ञा दिल्यावर "वापरास तयार, आवृत्ती २.०" असा निरोप आला. एक लाल खूण गेली. ज्यांच्या संगणकावर बिटलॉकर चालू आहे त्यांनी बायोसला हात लावण्यापूर्वी तो तात्पुरता थांबवावा आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्यावी. नाहीतर पुढच्या वेळी संगणक तीच किल्ली मागत बसतो.

तिसरे काम सिक्युअर बूटचे आणि अडचण येथेच आली. एमएसइन्फो३२ ही आज्ञा दिल्यावर बायोस मोडसमोर "लेगसी" लिहिलेले होते. म्हणजे जोडणी करणाऱ्याने विंडोज १० जुन्या पद्धतीने टाकली होती आणि डिस्कही जुन्या एमबीआर पद्धतीने विभागली होती. सिक्युअर बूटला युईएफआय पद्धत लागते आणि त्या पद्धतीत विंडोज सुरू होण्यासाठी तिची डिस्क जीपीटी पद्धतीची लागते. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन थेट युईएफआय केले तर विंडोज सुरूच होत नाही आणि घरचे लोक घाबरतात. परत लेगसी केले की ती पुन्हा सुरू होते. पण खरा उपाय डिस्कचा आहे.

विंडोजमध्ये एमबीआर२जीपीटी नावाचे साधन असते. ते फायली न पुसता डिस्क नव्या पद्धतीत बदलते. पण त्याच्या अटी आहेत. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक विभाग नकोत आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल विभाग अजिबात नको. म्हणून आधी "व्हॅलिडेट" ही केवळ तपासणीची आज्ञा द्यावी. आपांच्या डिस्कची तपासणी नापास झाली, कारण सी, डी आणि ई असे विभाग करताना डी आणि ई लॉजिकल ठेवलेले होते. आपल्याकडच्या जुन्या जोडणी संगणकांत ही रचना फार दिसते.

येथे दोन वाटा होत्या. सर्व फायली बाहेर काढून डिस्क पुसायची आणि नव्याने सुरुवात करायची, किंवा नवी एसएसडी बसवून विंडोज ११ तिच्यावर टाकायची आणि जुनी डिस्क फक्त फायलींसाठी ठेवायची. आम्ही दुसरी वाट सुचवली. जुनी फिरती हार्ड डिस्क हेच त्या संगणकाच्या संथपणाचे मुख्य कारण होते, त्यामुळे एका खर्चात दोन कामे होत होती. २५६ जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम, असा खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या तुलनेत फारच कमी आला. या वस्तूंचे दर वरखाली होतात, म्हणून दोन दुकानांत विचारून घ्यावे.

विंडोज टाकताना जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवली. याची दोन कारणे. चुकून तीच पुसली जाण्याचा धोका राहत नाही, आणि सुरू होण्याच्या फायली नव्या एसएसडीवरच जातात. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार केला होता. बायोस युईएफआयवर केला, सिक्युअर बूट चालू केले, विंडोज ११ टाकली आणि मग जुनी डिस्क परत जोडली. तिच्यावरच्या सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. आपांच्या २०१८ च्या बिलात विंडोजची रक्कम स्वतंत्र लिहिलेली होती, म्हणजे परवाना खरा होता. मदरबोर्ड तोच असल्याने इंटरनेट जोडताच नवी विंडोज विनामूल्य मान्य झाली.

मगरिबच्या आधी काम संपले. मुलीने पहिले काम केले ते तिच्या नोट्सचा कप्पा उघडून पाहण्याचे. आपांनी प्रवेशाचे पैसे मोडले नाहीत.

अपग्रेड अर्ध्यावर थांबले तर

ज्यांच्या संगणकाला सर्व हिरव्या खुणा आहेत, त्यांना एवढे काही करावे लागत नाही. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमधूनच विंडोज ११ येते आणि फायली, प्रोग्राम जागेवर राहतात. तरीही जुन्या संगणकावर काम मध्येच अडते. नेहमीची कारणे अशी आहेत.

जागा. शून्य-एक्स-८००७००७० असा आकडा आला तर सी ड्राइव्हवर जागा कमी आहे. डिस्क क्लीनअप चालवा, रिसायकल बिन रिकामा करा, मोठे व्हिडिओ बाहेर हलवा.

ड्रायव्हर. शून्य-एक्स-सी१९००१०१ ने सुरू होणारा आकडा आला आणि संगणक आपोआप जुन्या विंडोजवर परत गेला, तर बहुधा एखाद्या भागाचा ड्रायव्हर अडथळा आणतो आहे. प्रिंटर, वेब कॅमेरा, पेन ड्राइव्ह, डोंगल सगळे काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा ठेवा. संगणक किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवे ड्रायव्हर घ्या. बाहेरचा अँटीव्हायरस काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तोवर पहारा देतो.

न जुळणारा प्रोग्राम. शून्य-एक्स-सी१९००२०८ म्हणजे एखादा जुना प्रोग्राम आड येत आहे. तो काढून पुन्हा प्रयत्न करावा.

वीज आणि धीर. फिरत्या डिस्कवर हे काम तीन-चार तासही घेते आणि टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थांबते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, बटण दाबून बंद करू नका. आपल्या भागात ज्या दिवशी वीज जाते तो दिवस टाळा. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा.

इंटरनेट. ही डाउनलोड अनेक जीबींची असते. मोबाइलचा रोजचा डेटा त्यात एका तासात संपेल. ज्यांच्याकडे वायफाय आहे अशा नातेवाइकाकडे पेन ड्राइव्ह तयार करून आणणे सोयीचे.

अपग्रेड झाल्यावर काही बिघडले तर दहा दिवसांच्या आत परत जाता येते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी आणि तिथे "गो बॅक" असते. म्हणून दहा दिवस विंडोज डॉट ओल्ड हा कप्पा पुसू नका. या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचा प्रोग्राम आणि टायपिंग, सर्व एकदा चालवून पाहा.

उर्दू आणि मराठी फॉन्टचे काय?

आपल्या घरांत दोन लिप्या नांदतात, म्हणून हा प्रश्न आम्हाला सर्वात जास्त विचारला जातो. विंडोज नव्याने टाकली की जुन्या मराठी फायलींतील मंगल फॉन्ट दिसत नाही, उर्दू मजकूर नस्तालिक सोडून साध्या नस्ख वळणात दिसतो आणि घरात वाटते की फायली बिघडल्या. फायली ठीक असतात. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोजच्या देवनागरी पूरक संचात गेले आहेत आणि उर्दू टाइपसेटिंग अरबी लिपीच्या पूरक संचात. सेटिंग्जमधील ऑप्शनल फीचर्समध्ये हे दोन्ही संच विनामूल्य मिळतात. गूगलचा नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्टही मोफत आहे.

इनपेजचा मामला वेगळा आहे. १९९४ मध्ये इनपेज आले आणि उर्दू छपाईचा चेहरा बदलला. पण त्याच्या जुन्या आवृत्त्या मजकूर युनिकोडमध्ये साठवत नाहीत, त्यामुळे त्या फायली इतर प्रोग्रामला वाचता येत नाहीत. ज्यांच्याकडे वडिलांचे लेख, मदरशाच्या प्रश्नपत्रिका किंवा जुनी दावतनामे इनपेजमध्ये आहेत, त्यांनी जुना संगणक चालू असतानाच त्या उघडून पीडीएफ करून घ्याव्यात आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. कृतिदेवसारख्या जुन्या मराठी फॉन्टचेही तेच. त्या फायलीत मुळात इंग्रजी अक्षरे असतात, वर देवनागरीचा मुखवटा असतो. फॉन्ट गेला की मजकूर निरर्थक दिसतो. म्हणून आपले सर्व जुने फॉन्टही कप्प्यासह जतन करावेत.

ज्यांच्या संगणकाला विंडोज ११ चालणार नाही

चौथ्या, पाचव्या, सहाव्या पिढीचे हजारो संगणक आपल्या घरांत, दुकानांत आणि मकतबांत आहेत. त्यांच्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट मुदतवाढीची. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ची सुरक्षा दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड गुण किंवा एकदाच ३० डॉलर, असे पर्याय आहेत. एका खात्यावर दहा संगणक नोंदवता येतात. यातून नव्या सोयी मिळत नाहीत, फक्त सुरक्षा मिळते. दहावी-बारावीचे वर्ष असलेल्या घरांना आम्ही हीच वाट सुचवतो. परीक्षेच्या वर्षात प्रणाली बदलण्याचा उपद्व्याप नको.

दुसरी वाट आडमार्गाची. अटी चुकवून विंडोज ११ बळेच टाकण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षेसाठी हे सारे करायचे तिचीच खात्री नसेल, तर आम्ही ही वाट सुचवणार नाही.

तिसरी वाट लिनक्सची. एका मकतबाच्या कार्यालयातला संगणक आम्ही पाहिला. आय-३, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, कोणीतरी हदिया दिलेला. त्यावर मुलांची हजेरी आणि चंद्याचा हिशेब. विंडोजचा परवाना तपासला तर ती कोणत्याशा "ॲक्टिव्हेटर"ने चालू केलेली निघाली.

कमिटीतले एक तरुण सदस्य म्हणाले, "सर, सगळीकडे असंच चालतं. कोण विचारतं?"

सदर साहेब वयस्कर. त्यांनी विचारले, "मास्तर, ही वस्तू विकत घ्यायची असते का?"

"हो, साहेब. विकत घ्यायची असते."

"आणि आपण घेतली नाही."

"नाही घेतली."

ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मग मुलांना अमानत शिकवायची ती कशावर बसून?"

फतवा देणे आमचे काम नाही, तो आलिमांचा अधिकार. पण तांत्रिक बाजू सांगणे आमचे काम आहे. चोरीची विंडोज चालू करणारे हे प्रोग्राम अँटीव्हायरस बंद करायला लावतात आणि सर्व परवानग्या घेतात. त्यांच्यासोबत आणखी काय आत आले हे सामान्य माणसाला कळत नाही. ज्या संगणकावर देणगीदारांची नावे आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्यावर हे असू नये.

त्या संगणकावर लिनक्स मिंट टाकली. ही प्रणाली मोफत आहे आणि हक्काने मोफत आहे, तिची प्रत करणे आणि वाटणे दोन्हीला परवानगी आहे. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत देखभाल मिळणार आहे. तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. सर्वात चांगली गोष्ट ही की ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. तेव्हा वायफाय, आवाज, प्रिंटर आणि उर्दू कीबोर्ड तपासून घ्यावा. काही जुन्या लेझर प्रिंटरांना लिनक्सचा ड्रायव्हर सहज मिळत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नये. मकतबाचा प्रिंटर चालला. हजेरीच्या एक्सेल फायली लिबरऑफिसमध्ये उघडल्या, दोन ठिकाणी रकान्यांची रुंदी नीट करावी लागली. इनपेजच्या फायली आधीच पीडीएफ करून घेतल्या होत्या. तरुण सदस्यांनीच पुढे मुन्शीजींना दोन संध्याकाळी बसवून नवी मांडणी शिकवली.

लिनक्स सर्वांना चालेल असे नाही. टॅलीवर दुकान चालते किंवा इनपेजवर रोजचे काम आहे, त्यांनी विंडोजवरच राहावे आणि मुदतवाढीच्या काळात नव्या संगणकासाठी दरमहा थोडे बाजूला टाकावे. ज्या घरात ब्राउझर, पत्रलेखन आणि मुलांचे व्हिडिओ धडे एवढेच काम आहे, तिथे लिनक्सने अडचण येण्याचे कारण नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना

"आम्ही विंडोज विभागातून बोलतो, तुमचा संगणक धोक्यात आहे" असे फोन येतात. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कोणाला फोन करत नाही. असा फोन आला की ठेवून द्यावा. पडदा पाहू देणारे कोणतेही ॲप टाकू नये. घरातील बायकांना आणि बुजुर्गांना हे आवर्जून सांगा, कारण असे फोन बहुधा दुपारी, घरात कमावते माणूस नसताना येतात. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणि शेवटी संगणक बदलायचाच ठरला, तर जुन्याची डिस्क पुसल्याशिवाय तो भंगारवाल्याला देऊ नका. रिसायकल बिन रिकामा करणे म्हणजे पुसणे नव्हे. चालू स्थितीत असेल तर लिनक्स टाकून एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्या. चालू नसेल तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या, घंटागाडीत नको.

या महिन्यात निदान दोन कामे करा: प्रोसेसरचे नाव कागदावर लिहून घ्या आणि फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. बाकीचे निर्णय निवांत घेता येतात. आपल्या संगणकाची माहिती पत्राने कळवताना प्रोसेसरचे नाव, रॅम आणि पडद्यावर आलेला आकडा जसाच्या तसा लिहावा, म्हणजे उत्तर देणे सोपे जाते. पुढील अंकात इन्शाअल्लाह मुलांच्या गुणपत्रिका आणि दाखले डिजिलॉकरमध्ये कसे आणावेत, ते पाहू. खुदा हाफिज.